ब्रिज कॅमेरा, हलका टेलिझूम की मोठा ६००: एकाच फेरीत पक्षीही हवा आणि शहरही

पहाटे तळ्यावर खंड्या, उन्हं वर आली की झुडपातलं फुलपाखरू, परतताना तिन्हीसांजेला पुलावरून दिसणारी दिव्यांची रांग. हे सगळं एका फेरीत टिपायचं तर खरी अडचण एकाच ठिकाणी येते: रुंद दृश्यावरून लांबच्या पक्ष्यावर आणि परत, ही अदलाबदल. ती सोडवायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, ब्रिज कॅमेरा. लेन्स कायमची बसवलेली, बदलायचा प्रश्नच नाही. यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. निकॉन पी१०००ची फोकल लेंथ (जितकी जास्त, तितकं लांबचं मोठं दिसतं) २४ ते ३००० मिमी, फुल फ्रेमच्या म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या हिशोबात. त्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारा तुकडा) नखाएवढा, १/२.३ इंची, वजन १४१५ ग्रॅम. सोनी आरएक्स१० मार्क ४ हा २४ ते ६०० मिमी, १ इंची सेन्सर, १०९५ ग्रॅम.

दुसरा, एपीएस-सी मिररलेस (फुल फ्रेमपेक्षा लहान पण ब्रिजपेक्षा मोठा सेन्सर, लेन्स बदलता येते) आणि हलका टेलिझूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स. कॅनन आर१० कॅमेरा (४२९ ग्रॅम) आणि आरएफ १००-४०० मिमी लेन्स (६३५ ग्रॅम) घ्या, सोबत रुंद दृश्यासाठी १३० ग्रॅमची १८-४५ मिमी. एकूण १२०० ग्रॅमच्या आत. म्हणजे दोन लेन्स धरूनही हा संच पी१०००पेक्षा हलका, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

तिसरा, मोठा झूम: सोनी २००-६००सारखा, एकटी लेन्सच २११५ ग्रॅम. बॉडीसह, म्हणजे कॅमेरा धरून, अडीच किलोच्या पुढे.

पक्षी किती मोठा दिसणार

साधा हिशोब ठेवा: ३६ भागिले फोकल लेंथ (फुल फ्रेमच्या हिशोबातली), गुणिले अंतर. ६०० मिमीला २० मीटरवर फ्रेमची रुंदी १.२ मीटर भरते. १५ सेंटिमीटरचा पक्षी तिच्या एक-अष्टमांश. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ६००० पिक्सेल आडवे असतात, म्हणजे पक्ष्याच्या वाट्याला ७५० येतात. मोबाइलवर दाखवायला भरपूर, भिंतीवर लावायला कमी. पी१००० पूर्ण ताणला तर तीच रुंदी २४ सेंटिमीटर होते आणि तोच पक्षी अर्ध्याहून जास्त फ्रेम भरतो. इथेच लोक भुलतात.

भुलण्याआधी दुसरा आकडा बघा. लांबच्या पक्ष्याकडून किती प्रकाश आत येणार हे सेन्सरवर नाही, भिंगाच्या उघड्या तोंडावर ठरतं. लेन्सची खरी फोकल लेंथ (फुल फ्रेमच्या हिशोबातली नव्हे) एफ-आकड्याने (एफ/८मधला ८) भागा. आरएफ १००-४००चं तोंड एफ/८ला ५० मिमी, आरएक्स१०चं (२२० मिमी, एफ/४) ५५, पी१०००चं (५३९ मिमी, एफ/८) ६७, आणि २००-६००चं एफ/६.३ला ९५ मिमी. म्हणजे सेन्सर बारीक म्हणून पी१००० टाकाऊ, हे खरं नाही. शांत हवेत, फांदीवर बसलेल्या पक्ष्यावर तो चांगलं काम करतो. फसतो तो वापरात: ३००० मिमीला हाताची थरथर फ्रेमभर नाचते, थरथर मारायला शटरचा वेग वाढवला की आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढतो, आणि आयएसओ ८००च्या वर पिसांचा लगदा होतो. १५०० मिमीवर थांबा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, कोपर कठड्यावर टेकवा. तरीही धूसर आलं तर बहुधा हवेचा दोष. उन्हं तापल्यावर रस्त्यावरून किंवा उघड्या मैदानावरून पन्नास-साठ मीटर पलीकडचं टिपायला गेलात की तापलेली हवा लहरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी डोळा धारदार येत नाही. त्याला उपाय एकच: सकाळी लवकर जा, नाहीतर जवळ जा.

आरएक्स१० आणि १००-४०० यांची तोंडं जवळपास सारखी, म्हणून पार्श्वभूमीचा धुरकटपणा आणि मंद उजेडातला नॉईज (दाणेदारपणा) यांतही फारसा फरक पडत नाही. सेन्सर मोठा म्हणून एपीएस-सी आपोआप सरस ठरेल ही समजूत एफ/८च्या झूमला लागू पडत नाही.

उडायला लागला की

इथे मात्र फरक झाकता येत नाही. पी१००० सेकंदाला ७ फ्रेम काढतो आणि सलग ७च काढतो. म्हणजे एका सेकंदाची घाई, मग कार्डावर लिहून होईपर्यंत हात बांधलेले. त्यात व्ह्यूफाइंडर किंचित मागे पडतो, त्यामुळे घार दिसते तिथे ती नसतेच. आरएक्स१० सेकंदाला २४ फ्रेम काढतो आणि त्याचा फेज डिटेक्शन फोकस (फोकस किती चुकला ते थेट मोजणारा) पक्ष्याला धरून राहतो. आर१० आणि नंतरच्या बऱ्याच मिररलेस बॉडी पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर चिकटतात. सवय नसलेल्या माणसाचे जमलेले फोटो यानेच वाढतात.

शटरचा वेग बसलेल्यासाठी १/५०० सेकंद, उडणाऱ्यासाठी १/२०००, सूर मारणाऱ्या खंड्यासाठी त्याहून वर. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की पंख वाकडे येतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. उडत्या पक्ष्याला मेकॅनिकलच ठेवा. आणि पक्षी सापडत नसेल तर झूम मागे घ्या, पक्षी मधोमध आणा, मग ताणा. ६०० मिमीवरून आकाशात शोधत बसणं म्हणजे नळीतून डास शोधणं.

फुलपाखरू, चतुर

या कामात हलका झूम बाजी मारतो. आरएफ १००-४००चं मॅग्निफिकेशन (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या किती पट उमटते) ०.४१ पट, म्हणजे आर१०वर साडेपाच सेंटिमीटरचं फुलपाखरू फ्रेम काठोकाठ भरतं, तेही त्याला न उठवता. २००-६०० अडीच मीटरच्या आत फोकस करत नाही असं समजून चाला, त्याच्या ०.२ पटीत तेच फुलपाखरू एपीएस-सी सेन्सरवर अर्ध्या फ्रेमएवढं येतं. आरएक्स१० लांब टोकाला पाऊण मीटरपर्यंत जवळ येतो, ठीकच आहे. पी१०००ला पूर्ण झूमवर किमान ७ मीटर लागतात. समोरच्या फुलावरचं फुलपाखरू दिसतं, फोकस मागेपुढे सरकत राहतो, माणूस कॅमेरा बिघडला समजतो. झूम कमी करा, लागेल.

संध्याकाळचं शहर

रुंद टोकाला तोंडाचा तोच भागाकार करा. आरएक्स१०: ८.८ मिमी, एफ/२.४, तोंड ३.७ मिमी. १८-४५ ही एफ/४.५ला ४ मिमी. म्हणजे हातात धरून काढायचं तर दोन्ही जवळपास सारख्या, आणि आजच्या चांगल्या फोनचा मुख्य कॅमेराही साधारण त्याच पट्ट्यात, वर तो अनेक फ्रेम जोडतो. पी१०००चं तोंड दीड मिमी. रात्री रुंद दृश्य त्यावर काढू नका, खिशातला फोन काढा. एपीएस-सीवाल्यांनी १६ मिमी एफ/२.८ (१६५ ग्रॅम) घेतली तर मात्र ते सगळ्यांच्या पुढे जातात. ट्रायपॉड असेल तर हा हिशोब बराचसा गळून पडतो: आयएसओ १००, मोठ्या सेन्सरवर एफ/८ (ब्रिजवर एफ/४च पुरे), ५ ते १० सेकंद, २ सेकंदांचा टायमर.

दुकानांच्या एलईडी पाट्यांवर पट्टे आले तर शटर विजेच्या तालाशी जुळवून बघा: ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०. इमारती मागे झुकलेल्या दिसल्या तर कॅमेरा वर न करता सपाट धरा, खालची जादा जमीन नंतर कापा. लांब लेन्स शहरातही कामाची आहे, रस्त्याची गर्दी आणि गच्च्यांचे थर एकमेकांवर रचायला. फक्त २००-६०० माणसांवर रोखू नका. लोक बिचकतात, आणि त्यांचं चूक नाही.

मग कोणी काय घ्यावं

बहुतेकांनी दुसरा मार्ग. पक्षी, फुलपाखरू, शहर तिन्ही जमतं, आणि पुढे लेन्स वाढवता येते. अट एवढीच, लेन्स बदलायचा कंटाळा नको. बदलताना कॅमेरा बंद, तोंड जमिनीकडे, वाऱ्याला पाठ, दुसरी लेन्स आधीच टोपण सैल करून हातात. याचा कंटाळा असेल तर आरएक्स१०, बिनदिक्कत. पी१००० त्यांच्यासाठी, ज्यांना पाणथळीपलीकडचा बसलेला पक्षी ओळखायचाय आणि चंद्रही हवाय. २००-६०० फक्त पक्षीवेड्यांसाठी. शहर त्यांनी फोनवरच काढावं.

ठरत नसेल तर जुन्या फोटोंतले स्वतःला आवडलेले शंभर निवडा आणि प्रत्येकाची फोकल लेंथ पाहा. त्यातले साठ-सत्तर १०० मिमीच्या आत निघाले, तर आधी चांगली रुंद लेन्स घ्या, टेलिझूम थांबू शकतो.