सात महिने पेटंट शोधसेवा वापरून: सगळा घोळ एका ‘चालू’ शब्दाचा

सोमवारी मेल आला, पुढच्या वर्षाचे २२,००० भरा. मी भरणार नाही.

सिन्नरला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. कांद्याची रोपं लावणारं ट्रॅक्टरमागचं यंत्र विकायला काढण्याआधी कुणाच्या पेटंटवर पाय पडत नाही ना, एवढंच बघायला ही सेवा घेतली. शोध चांगला चालतो, हे मान्य. ‘कांदा’ टाकून हाती काही लागलं नव्हतं. ए०१सी ११/०२ हा रोपं लावणाऱ्या यंत्रांचा आंतरराष्ट्रीय पेटंट-वर्ग टाकल्यावर भात, तंबाखू, भाजीपाला, सगळ्यांची रोपं लावणारी यंत्रं समोर आली.

त्यात एक पेटंट चिमट्याने रोप धरून सरीत सोडण्याचं. अर्ज २०१३चा, भारतात मंजुरी २०१९ला. पुढे हिरव्या अक्षरांत ‘चालू’. आमचंही यंत्र चिमट्याचंच! मी आणि मुलाने दोन महिने खपून चिमटा काढला, कप बसवले. कपातून पडलेलं रोप उभं राहीना. तेवढ्यात रब्बीची लागवड उरकली.

मार्चमध्ये ओळखीच्या पेटंट एजंटाने भारतीय पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या शोध-साइटवर त्या क्रमांकाचं ई-रजिस्टर उघडायला लावलं. पेटंट जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी भरावी लागते, त्याचा तक्ता तिथे असतो. शेवटची फी नवव्या वर्षाची, वर्षं अर्जापासून मोजायची. म्हणजे २०२२लाच पेटंट गळालेलं, आणि ते परत जिवंत करून घ्यायची १८ महिन्यांची मुदतही केव्हाच संपलेली. रजिस्टर फुकट बघायला मिळतं! सेवेवाल्यांना फोन केला, तर म्हणे स्थिती हा अंदाज असतो, अटींत लिहिलंय. मग हिरव्या अक्षरांत ‘अंदाज’ असंच लिहा ना. त्या शब्दावर माणूस लोखंड कापतो.

इथवर लिहून ते पेटंट पुन्हा उघडलं, आणि राग थोडा उतरला. आम्ही सारांश आणि चित्रं बघूनच घाबरलो होतो. हक्क ठरतो क्लेमवरून, म्हणजे नेमकं कशावर हक्क मागितलाय हे सांगणाऱ्या पेटंटमधल्या कलमांवरून. त्यातला एकमेव स्वतंत्र (दुसऱ्या क्लेमवर न टेकलेला) क्लेम चिमटा, रोपांचा ट्रे पुढे सरकवणारा पट्टा आणि रोप आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर, या तिन्ही गोष्टी एकत्र मागतो. आमच्या यंत्रावर बाया बसून हाताने रोप देतात. ना पट्टा, ना सेन्सर. पेटंट जिवंत असतं तरी एजंटाला फारशी काळजी वाटली नसती. क्लेम न वाचणं ही चूक माझी, सेवेची नव्हे. ‘चालू’चा दोष मात्र तसाच राहतो.

आता वर्गाने शोध युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पेसनेटवर, जोडीला जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप, आणि भारतातलं प्रत्येक पेटंट ई-रजिस्टरवर ताडून बघतो. तिन्ही फुकट. वाचलेले पैसे एजंटाच्या लेखी मतासाठी ठेवलेत. अर्ज साधारण १८ महिने गुप्त राहतात, ते कुठल्याच डेटाबेसमध्ये दिसत नाहीत. म्हणून ऑक्टोबरमध्ये, यंत्र रंगायला जाण्याआधी, पुन्हा एकदा शोधणार. चिमटा परत बसवलाय.