रिप्राइसरला लगाम कुठे घालायचा?

रिप्राइसिंग सॉफ्टवेअर (रिप्राइसर), म्हणजे ऑनलाइन विक्रेत्याच्या मालाच्या किमती आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलं की चुकीच्या किमतीपासून वाचायला साधारण चार उपाय समोर येतात: किमान-कमाल किंमत, बदलाच्या वेगाला मर्यादा, माणसाची मंजुरी आणि ऑर्डर होल्ड (आलेली ऑर्डर थोडा वेळ रोखून ठेवणं). खरी निवड पहिल्या दोघांतली आहे.

किमान किंमत लावायला सोपी. पण ती ठेवायची कुठे? 12 डिसेंबर 2014 ला, शुक्रवारी संध्याकाळी, रिप्राइसरएक्स्प्रेस या रिप्राइसरमध्ये बिघाड झाला आणि ॲमेझॉनच्या ब्रिटनमधल्या साइटवर कित्येक विक्रेत्यांचा माल तासाभर 1 पेनीला दिसत होता. सॉफ्टवेअरच बिघडलं तर त्याच्या आतल्या मर्यादेचा भरवसा काय? म्हणून ती मार्केटप्लेसच्या (ॲमेझॉनसारख्या विक्री-साइटच्या) स्वतःच्या पॅनेलमध्येही भरा. शिवाय किंमत आणि किमान किंमत एकाच फाइलमधून चढवू नका. दशांशचिन्ह सरकून 1,250 चे 12.50 झाले, तर दोन्ही रकाने एकदमच चुकतात आणि मर्यादा असून नसल्यासारखी.

वेगमर्यादा अशी चूक पकडते, कारण ती कालच्या किमतीशी ताडून बघते. 2011 मध्ये माशीच्या जीवशास्त्रावरचं एक पुस्तक ॲमेझॉनवर 2 कोटी 36 लाख डॉलरच्या वर गेलं होतं. एक विक्रेता दुसऱ्याच्या किमतीच्या 0.9983 पट लावायचा, दुसरा पहिल्याच्या 1.270589 पट. म्हणजे दर फेरीला जवळपास 27 टक्के वाढ, तीन फेऱ्यांत दुप्पट! 20 टक्क्यांची मर्यादा असती तर गाडी पहिल्याच फेरीत अडली असती. मात्र फक्त रोजची मर्यादा लावून निर्धास्त राहू नका. रोज 5 टक्क्यांची मुभा दिली तरी 15 दिवसांत किंमत दुपटीवर जाते. महिन्याची मर्यादा वेगळी हवी, आणि कमाल किंमतही. ती भरायचा बहुतेकांना कंटाळा येतो.

मंजुरी मोजक्या वस्तूंना ठीक. शेकडो सूचना आल्या की माणूस न वाचताच ‘ओके’ दाबतो. ऑर्डर होल्ड किंमत सुधारत नाही, पण माल गोदामातून निघण्याआधी श्वास घ्यायला वेळ देतो. ब्रिटनच्या त्या घोळात बऱ्याच ऑर्डर रद्द झाल्या, काही माल मात्र तोवर रवाना झाला होता.

वस्तू थोड्या असतील तर पॅनेलमधली किमान-कमाल आणि मंजुरी पुरे. मोठ्या कॅटलॉगला वेगमर्यादेशिवाय सॉफ्टवेअर घेऊच नये, असं माझं मत. डेमोत किमान किमतीचा रकाना रिकामा ठेवून बघा: सॉफ्टवेअर वस्तू थांबवतं, की रिकाम्याचा अर्थ शून्य लावून पुढे जातं?