वाल्पोलिचेल्ला रिपास्सो: काही महिन्यांच्या वापरानंतर

वेरोना शहराच्या उत्तरेला, गार्दा सरोवर आणि लेसीनी डोंगर यांच्या मधल्या वाल्पोलिचेल्ला या टेकड्यांच्या भागात होणारी रिपास्सो ही रेड वाइन गेले काही महिने आमच्याकडे जेवणासोबत नियमित घेतली जाते. उत्पादक वेगवेगळे, हंगाम वेगवेगळे, कधी नुकतीच उघडलेली बाटली तर कधी तिसऱ्या दिवसाची. दुकानदार ती ‘बेबी अमारोने’ म्हणून पुढे करतात (अमारोने ही त्याच भागातली, वाळवलेल्या द्राक्षांची दाट वाइन) आणि घोळ तिथूनच सुरू होतो. घेणारा अमारोनेचा दाटपणा शोधत बसतो, तो पुरेसा मिळाला नाही की नाराज होतो. आमचं मत स्पष्ट आहे: रिपास्सोची परीक्षा तिच्यातल्या कोर्विना या मुख्य द्राक्षाच्या आंबटपणावर करावी. तो शाबूत असेल तर बाटली चांगली. तो दाटपणाखाली गाडला गेला असेल, तर लेबल कितीही भारी असो, दुसरा ग्लास भरावासा वाटत नाही.

ही एका द्राक्षाची वाइन नाही. नियमानुसार मिश्रणात कोर्विना ४५ ते ९५ टक्के असते आणि तिच्यातला काही वाटा कोर्विनोने घेऊ शकते. रोंदिनेल्ला ५ ते ३० टक्के. मोलिनारा पूर्वी सक्तीची होती, आता ऐच्छिक आहे. तिचा रंग फिका, त्यामुळे बऱ्याच जणांनी ती कमी केली. कोर्विना आंबट चेरीचा वास, चढी आम्लता आणि शेवटी जिभेवर राहणारा कडू बदामाचा हलका स्पर्श देते. टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा, मात्र तिच्यात बेताचंच. कोर्विनोनेचे मणी मोठे. तिच्यामुळे थोडं टॅनिन आणि मसालेदारपणा येतो. रोंदिनेल्लाला स्वतःची फारशी चव नाही, पण ती रोगाला सहज बळी पडत नाही, छान वाळते आणि साखर भरते. डीएनए तपासणीत ती कोर्विनाचीच लेक निघाली.

द्राक्षबागायतदारांना यातली एक गोष्ट लगेच पटेल. कोर्विनाच्या काडीवरचे बुडाकडचे डोळे फारसे घड देत नाहीत, म्हणून छाटणी आखूड करून चालत नाही, काडी लांब ठेवावी लागते. तिथला पारंपरिक मांडव, पेर्गोला वेरोनेझे, याच गरजेतून टिकून आहे. शिवाय घड पानांच्या सावलीत लोंबतात, उन्हाने भाजत नाहीत आणि त्यांच्याभोवती हवा खेळती राहते. वाळवायच्या घडांना हे दोन्ही हवंच.

आता वाळवण्याबद्दल, कारण चवीतला निम्मा फरक इथेच पडतो. तोडणीच्या वेळी निरोगी आणि सुटसुटीत मण्यांचे घड निवडून बाजूला काढतात. गच्च घड चालत नाही, आतल्या मण्यांपर्यंत हवा पोचत नाही आणि बुरशी धरते. निवडलेले घड बांबूच्या मांडण्यांवर किंवा उथळ क्रेटमध्ये एकाच थरात पसरून तीन ते चार महिने ठेवतात. तासगावची बेदाणा शेड पाहिलेल्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल, पण हिशोब वेगळा आहे. आपल्याकडे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात घड बुडवून सालीवरचा मेणाचा थर मोडतात, म्हणून कोरड्या गरम हवेत दोन-तीन आठवड्यांत बेदाणा हाती येतो. वेरोनात मेण तसंच राहू देतात, हवा थंड असते आणि पाणी सावकाश जातं. वजन साधारण तिसऱ्या हिश्शाने घटतं, मणी सुरकुततो, पण आत दाट रस शिल्लक असतो. हिवाळ्यात या रसाची वाइन होते, ती अमारोने. गोडवा राखून केलेली ती रेचोतो.

ती वाइन काढून घेतल्यावर टाकीत सालं आणि बियांचा ओला चोथा उरतो. त्यात थोडी साखर, जिवंत यीस्ट, अल्कोहोल, रंग आणि टॅनिन असतं. ताज्या द्राक्षांची साधी वाल्पोलिचेल्ला शरद ऋतूत करून ठेवलेली असते. ती या चोथ्यावर ओतली की उरलेली साखर पुन्हा आंबायला लागते. काही दिवसांपासून दोनेक आठवड्यांपर्यंत हा मुक्काम चालतो. अल्कोहोल थोडं चढतं, रंग गडद होतो, अंगाला भरीवपणा येतो आणि सुक्या चेरीचा, मनुकांचा, कधी कोकोचा वास उतरतो. हीच रिपास्सो. ही जुनी घरगुती पद्धत मासी या कंपनीने १९६४ च्या हंगामाच्या कांपोफिओरिनमधून बाजारात रुळवली. पुढे त्यांनी चोथ्याऐवजी अर्धवट वाळवलेली द्राक्षंच घालायला सुरुवात केली. म्हणून कांपोफिओरिनच्या लेबलावर आज रिपास्सो हा दर्जा दिसत नाही, आयजीटी हा इटलीतला सैल नियमांचा प्रादेशिक दर्जा दिसतो. आल्लेग्रीनी या उत्पादकाची पालाझ्झो देल्ला तोर्रे ही वाइनही वाळवलेल्या द्राक्षांच्याच वाटेने जाते. या दोन्हींत फळ जास्त स्वच्छ लागतं, चोथ्याचा खरबरीतपणा नसतो. पहिल्यांदाच या घराण्याची वाइन घेणाऱ्याला आम्ही आधी यांतलीच एक सुचवतो.

चोथ्याचं काम बिघडतं कुठे, हे माहीत असलं की ग्लासातला दोष पटकन ओळखू येतो. अमारोने काढताना चोथा फार दाबून पिळला असेल, तर साखर आणि वाइन निघून जाते आणि रिपास्सोला फक्त बियांचा रखरखीत कडवटपणा मिळतो. हा कडवटपणा बदामाचा नव्हे. तो हिरड्यांवर बसतो आणि जेवणानेही जात नाही. चोथा हवेत उघडा पडून राहिला तर ॲसेटिक जिवाणू कामाला लागतात, मग नाकाला नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा भपका येतो. अगदी पुसट असेल तर तो वासाला उचलून धरतो. ग्लास फिरवल्यावर चेरीच्या आधी तो जाणवला, तर मात्र दोषच. तिसरा प्रकार लाकडाचा. नव्या लहान पिपात जास्त काळ ठेवलेल्या रिपास्सोला व्हॅनिला आणि कॉफीचा वास येतो आणि कोर्विना हरवते. जुन्या, मोठ्या पिपांतली वाइन आम्हाला प्रत्येक वेळी सरस वाटली.

चव पाहताना सवय अशी लावावी. पहिला घोट घेऊन गिळल्यावर दहापर्यंत मोजा. सुरुवातीला सुक्या फळांचा गोडसर भास येईल, मध्ये तोंडाला पाणी सुटेल, शेवटी बदाम राहील. या तिन्ही पायऱ्या लागल्या तर वाइन नीट आहे. मध्ये पाणी सुटलंच नाही आणि गोडवाच पुढे रेंगाळला, तर साखर जास्त उरलेली आहे. काही लोकप्रिय बाटल्यांत लिटरमागे पाच ग्रॅमच्या वर साखर असते. ती पहिल्या घोटाला मोहवते, जेवताना मात्र जड होते.

आयात केलेल्या बाटलीबाबत भारतात आणखी एक अडचण येते, आणि ती या वाइनच्या बाबतीत जास्त त्रासाची आहे. वाहतुकीत किंवा दुकानात उष्णता लागलेली वाइन ‘शिजते’ आणि तिला मुरंब्यासारखा वास येतो. रिपास्सोला सुक्या फळांचा वास मुळातच असल्याने हा बिघाड लपून जातो. ओळखायचं ते आंबटपणावरून. शिजलेल्या बाटलीत फळाचा वास असतो, पण घोटाच्या मध्यावर चव सपाट होते आणि शेवटचा बदाम येतच नाही. घेण्याआधी बुचाचा माथा बोटाने चाचपा. आवरणाखाली बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलेलं लागलं किंवा आवरणाच्या कडेला चिकट ओघळ दिसला, तर ती बाटली परत ठेवा. खिडकीजवळच्या किंवा दिव्याखालच्या फळीवरची बाटली तर घेऊच नका.

तापमानाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ही वाइन १६ ते १७ अंशांना उत्तम लागते. अल्कोहोल १३.५ ते १४.५ टक्के असल्याने २० च्या वर गेली की नाकात फक्त ते चढतं आणि फळ मागे पडतं. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड हवेच्या घरांसाठी ठीक आहे. पुण्या-नागपूरच्या ३० अंशांच्या खोलीत तो निरुपयोगी. अशा खोलीतली बाटली फ्रिजमध्ये साधारण दीड तास ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन दहा-बारा मिनिटं बुडवा. नुसता बर्फ नको, तो काचेला सगळीकडून लागत नाही. ग्लास एक तृतीयांशच भरा, कारण ओतलेली वाइन आपल्या हवेत भराभर तापते.

नव्या हंगामाची बाटली अर्धा ते पाऊण तास डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागू देणाऱ्या रुंद काचपात्रात) राहिली तर मोकळी होते. आठ वर्षांपुढची असेल तर हे करू नये. आदल्या दिवशी उभी ठेवून गाळ खाली बसू द्यावा आणि हलक्या हाताने ओतावी. उरलेली वाइन टिकवायचा आम्हाला पटलेला मार्ग साधा आहे: बाटली उघडल्याबरोबर निम्मी वाइन ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरायची, बूच लावायचं आणि फ्रिजमध्ये उभी ठेवायची. अशी ती चार दिवस व्यवस्थित राहते. मोठ्या बाटलीत अर्धी तशीच ठेवली, तर दुसऱ्या दिवशी बहुतेकदा पहिल्यापेक्षा छान लागते, तिसऱ्या दिवशी चेरी मावळते आणि चौथ्या दिवशी उरतो तो मनुकांचा शिळा वास.

वेरोनात ती बदकाच्या रश्श्यातल्या बिगोली या जाड शेवयांसोबत, पोलेंता (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी) आणि मंद शिजवलेल्या मांसासोबत, मोंते वेरोनेझे चीजसोबत पितात. आपल्या जेवणात दोन गोष्टी सांभाळा: तिखट आणि गूळ. तिखटाने अल्कोहोलचा जाळ वाढतो, टॅनिन बोचतं. तांबड्या रश्श्यासोबत ही वाइन वाया जाते. गुळाने उलट परिणाम होतो, वाइन आंबट आणि कडू भासते. भाजलेलं खोबरं, तीळ, दगडफूल यांच्याशी मात्र तिचं छान जमतं. मिरची बेताची आणि गूळ न घातलेली गोड्या मसाल्याची भरली वांगी किंवा तसंच मटण यांच्यासोबत ती खुलते. माशांसोबत नको.

लेबल वाचताना ‘क्लासिको’ म्हणजे जुन्या मूळ भागातली: नेग्रार, मारानो, फुमाने, सांत आम्ब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो. मारानोच्या उंचावरच्या बागांची वाइन जास्त टवटवीत असते, हा आमचा कल. ‘सुपेरिओरे’ असेल तर अल्कोहोल किमान १३ टक्के, साध्या रिपास्सोला १२.५ पुरतं. रिपास्सोला स्वतंत्र डीओसी, म्हणजे ठरावीक प्रदेश आणि नियमांनी बांधलेला, दर्जा मिळाला तो २०१० मध्ये. अमारोनेही त्याच वर्षी डीओसीजी, म्हणजे त्याच्याही वरच्या दर्जाची, झाली. एका उत्पादकाला जेवढी अमारोने किंवा रेचोतो तेवढ्याच्या दुपटीपर्यंतच रिपास्सो करता येते. म्हणून स्वतः नीट अमारोने करणाऱ्याचीच रिपास्सो घ्यावी, चोथा त्याच्याच घरचा असतो. २०१४ पावसाचं वर्ष होतं, कित्येकांनी अमारोने केलीच नाही. २०१५ आणि २०१६ चांगली गेली, पण बहुतेक रिपास्सो हंगामानंतर चार ते आठ वर्षांत पिऊन टाकावी, त्यामुळे आता त्या वर्षांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. युरोपात साधारण १२ ते २५ युरोंना चांगली बाटली मिळते. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ती निःसंकोच घ्यावी. मुंबईत शुल्क जोडून किंमत कितीतरी वाढते; त्या पैशांत जोखीम घ्यायची तर वर सांगितलेली बुचाची तपासणी सोडू नका.

उरलेल्या वाइनचा उत्तम उपयोग वेरोनाच्या लाल रिसोत्तोत (सूपमध्ये मऊ शिजवलेल्या भातात) होतो. चार जणांना ३०० ग्रॅम व्हियालोने नानो हा रिसोत्तोचा तांदूळ आणि ३५० मिली वाइन लागते. वाइन आधी वेगळ्या भांड्यात कोमट करून घ्या. थंड ओतली तर तांदळाचं शिजणं अडतं आणि दाणा आतून कच्चा राहतो. कांदा लोण्यात मऊ करून तांदूळ दोन मिनिटं परता, मग वाइन तीन वेळा विभागून घाला, दर वेळी आटू द्या. नंतर गरम सूप पळीपळीने. आच बंद करून ४० ग्रॅम थंड लोणी आणि मूठभर किसलेलं चीज. पाच दिवसांपुढची, नाकाला आंबूस लागणारी वाइन यात घालू नका, आटल्यावर तो आंबूसपणा दुप्पट होतो.