हालश्टाट की म्यूश्टाइर? आल्प्समधलं एकच गाव जमणार असेल तर

ऑस्ट्रियातलं हालश्टाट यादीत आपोआप येतं. तळ्याकाठी एकमेकांना चिकटलेली घरं, टोकदार कळसाचं चर्च आणि मागे उभा डोंगर, हा फोटो तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेला असेल. स्वित्झर्लंडच्या पार पूर्वेकडचं म्यूश्टाइर मात्र कुणीतरी मुद्दाम सुचवावं लागतं, म्हणून हा खटाटोप. दोन्ही गावं लहान. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत म्यूश्टाइरचा मठ 1983 साली आला, हालश्टाटचा परिसर 1997 साली. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, त्यामुळे प्रश्न उरतो तो वेळेचा आणि आवडीचा.

हालश्टाट मिठावर उभं आहे. गावावरच्या डोंगरातून सुमारे सात हजार वर्षं मीठ काढलं जातंय. 1846 साली खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामसाउअर यांना तिथे जुन्या कबरी सापडल्या. 1863 पर्यंत त्यांनी जवळजवळ हजार कबरी उघडल्या आणि एकेकीची नोंद ठेवली. युरोपातल्या लोहयुगाच्या पहिल्या टप्प्याला ‘हालश्टाट संस्कृती’ म्हणतात, ते याच गावावरून. मिठात वस्तू कुजत नाहीत. त्यामुळे खाणीत इसवीसनपूर्व चौदाव्या शतकातला लाकडी जिना बघायला मिळतो, तोही पायऱ्यांसकट. आत आठेक अंशच तापमान असतं, स्वेटर विसरू नका. खाणकामगारांच्या लाकडी घसरगुंडीवरून मुलं दोनदा जायला मागतील.

पण मला विचाराल तर हालश्टाटला जायचं ते अस्थिगृहासाठी. डोंगर आणि तळं यांच्या चिंचोळ्या पट्टीत दफनभूमीला जागा पुरेना, म्हणून दहा-पंधरा वर्षांनी जुनी कबर उघडून नव्याला जागा देत. कवटी स्वच्छ करून उन्हात पांढरी होऊ देत आणि मग तिच्यावर रंगकाम. कपाळावर नाव, कुठे गुलाब, कुठे ओकची पानं, कुठे वेटोळं घातलेला साप. बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, त्यातल्या सहाशेहून जास्त रंगवलेल्या. शेवटची 1995 साली ठेवली गेली. तिचा सोन्याचा दात दिसतो. ऐकताना अंगावर काटा येतो, पण समोर उभं राहिलं की घरातल्या जुन्या फोटोंच्या भिंतीसारखं वाटतं.

आता तोट्याची बाजू. 1890 पर्यंत या गावाला धड रस्ता नव्हता, होडीने किंवा पायवाटेनेच जावं लागे. आज लोकवस्ती जेमतेम साडेसातशे आणि गर्दीच्या दिवशी पर्यटक दहा हजारांपर्यंत. 2023 साली सेल्फीवाल्यांना कंटाळून गावाने फोटोच्या जागेसमोर लाकडी कुंपणच घातलं होतं, ते पुढे काढलं. चीनमध्ये तर या गावाची नक्कल बांधून 2012 साली खुली झाली. सकाळी अकरा ते चार या वेळात गेलात तर हालश्टाट कमी आणि माणसांच्या पाठीच जास्त दिसतील.

म्यूश्टाइरला बघायचं ते मुख्यतः एकच, सेंट जॉनचा मठ. इटलीचा मुलूख जिंकून परतताना शार्लमेन बादशहा हिमवादळातून वाचला आणि कृतज्ञतेने त्याने हा मठ बांधला, अशी दंतकथा. उभारणी इ.स. 775च्या सुमाराची, हे मात्र लाकडाच्या वयावरून निघालेलं आहे. चर्चमधली भित्तिचित्रं इ.स. 800च्या आसपासची. नंतरच्या थरांखाली ती शतकानुशतकं झाकलेली होती. 1894 साली त्यांचा सुगावा लागला आणि 1947 ते 1951 या काळात ती मोकळी केली. रंग आता विटकरी-राखाडी उरलेत, त्यामुळे पहिल्या नजरेला ‘एवढंच?’ असं वाटू शकतं. बाकावर दहा मिनिटं बसा. चौकटीमागून चौकट उलगडत जाते, आणि पुढच्या कमानीत सुमारे 1200 सालच्या थरातली, बायबलच्या कथेतल्या हेरोड राजाच्या मेजवानीत अंग वाकवून नाचणारी सलोमी दिसते. बेनेडिक्टाइन जोगिणी आजही इथे राहतात, त्यामुळे सगळी दारं उघडी नसतात. बाहेर कानावर पडते ती रोमान्श भाषा, स्वित्झर्लंडची चौथी.

पोहोचण्यात फरक मोठा. साल्झबुर्गहून हालश्टाट अडीच तासांवर. स्टेशन तळ्याच्या पलीकडे आहे, तिथून बोट, आणि बोटीतून गाव जवळ येताना बघणं हाच अर्धा आनंद. म्यूश्टाइरला झुरिकहून साडेतीन-चार तास लागतात. झेर्नेत्सपर्यंत रेल्वे, पुढे पिवळी पोस्टबस स्विस नॅशनल पार्कमधून 2149 मीटरची ओफेन खिंड ओलांडते. स्विस ट्रॅव्हल पास या बसला चालतो. शाकाहारींनी ‘कापुन्स’ मागवण्याआधी विचारावं, पानाच्या गुंडाळीत बहुधा मांसाचे तुकडे असतात. अक्रोडाचा टार्ट निर्धास्त खा.

थोडक्यात, साल्झबुर्ग-व्हिएन्ना ठरलेलं असेल, मुलं बरोबर असतील, तर हालश्टाटच, पण रात्रीचा मुक्काम करा. बसगाड्या निघून गेल्या की गाव परत गावकऱ्यांचं होतं. पूर्व स्वित्झर्लंडमधलं एंगादिन खोरं किंवा तिथली डोंगरातली बेर्निना रेल्वे बघणार असाल, किंवा गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील, तर म्यूश्टाइर: चर्च बसथांब्याजवळ, चढ जवळजवळ नाही. आणि मठाच्या दारातून रमतगमत वीसेक मिनिटं चाललात तर इटलीत पोहोचता.