हीटरची हवा गार: कॉइल धुवायची की बदलायची?

पाचगणी-महाबळेश्वरकडे थंडी पडली की साताऱ्यातल्या गॅरेजांत गाडीच्या हीटरची ही तक्रार ठरलेली: पंखा जोरात, हवा गार. 'कॉइल बदला' हा सल्ला लगेच मिळतो. कॉइल म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि हवा तापते. तो मानण्याआधी एवढं करा. इंजिन तापू द्या, नॉब फुल गरमवर ठेवा आणि इंजिनमागच्या पत्र्यातून केबिनमध्ये जाणारे दोन्ही रबरी होज चाचपा. पंखा आणि बेल्टपासून हात लांब.

दोन्ही चटका देत असतील तर कॉइल ठीक आहे. गरम-गार हवा वळवणारा आतला फ्लॅप किंवा त्याची केबल अडकलीय. दोन्ही कोमट असतील तर कुलंट (इंजिनात फिरणारं थंडाव्याचं पाणी) कमी, नाहीतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत ते पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा राहिलाय. पसरणीचा घाट उतरताना तापमानाचा काटा खाली येत असेल, तर थर्मोस्टॅटच. एक गरम आणि दुसरा गार असेल तरच कॉइल चोंदलीय, फक्त हीटरचा वाल्व असलेल्या गाडीत तो उघडतोय ना ते आधी पाहा. धुवायची की बदलायची, हा प्रश्न इथून सुरू होतो.

धुणं हे अर्ध्या दिवसाचं काम. इंजिन पूर्ण गार झाल्यावर दोन्ही होज काढा आणि पाणी परतीच्या बाजूने (जो होज गार लागला त्या बाजूने), म्हणजे उलटं सोडा. साध्या नळाचा जोर पुरे. वॉशिंगच्या प्रेशरने जुनी कॉइल फुटते. आधी तांबूस गाळ येईल. पाणी नितळ होईपर्यंत बाजू बदलत राहा. मग कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरा, गाडीचं तोंड चढाला ठेवून हवा काढा. बोअरचं पाणी भरलं तर क्षार पुन्हा साचणारच.

बदलण्यात नवा भाग मिळतो, हे खरं. पण बऱ्याच गाड्यांत त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, काहींत एसीचा गॅसही काढावा लागतो. बदलण्यावरून माझं मन फिरलं ते डॅशबोर्डमुळे. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं. एखादी क्लिप तुटते, एखादा स्क्रू उरतो आणि मग मेढ्याच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला कुठूनतरी कटकट ऐकू येते. ती नेमकी कुठून येते ते सापडत नाही, आणि शोधायला डॅशबोर्ड पुन्हा उतरवायला कोणी तयार होत नाही. हीटर वर्षातले दोन-तीन महिने लागतो, आवाज बारा महिने. शिवाय सिस्टिममधला गाळ न काढता नवी कॉइल बसवली तर तीही चोंदते, म्हणजे धुणं काही चुकत नाही.

चांगला हात असलेला मेकॅनिक हे सगळं नीट बसवतो, त्यामुळे सगळ्यांनाच असा त्रास होईल असं नाही. पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर चिकट धुकं, केबिनमध्ये गोडसर वास असेल, तर कॉइल गळतेय. तिथे धुऊन उपयोग नाही, बदलाच. बाजू बदलून बराच वेळ धुतल्यावरही परतीच्या होजमधून बारीक धारच येत असेल, तरीही बदला, आणि त्याच वेळी दोन्ही होज आणि त्यांच्या क्लिपाही नव्या टाका.