जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट, स्टॉकफिश आणि स्किड व्हर्सेस पीसी: बुद्धिबळ शिकणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते. घरात इंटेलचा चौथ्या-पाचव्या पिढीचा लॅपटॉप पडून असेल, आठ जीबी रॅम असेल आणि घरातलं कोणी रेटिंगच्या स्पर्धा खेळत असेल तर नवीन मशीन घ्यायची काही गरज नाही, त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, स्किड व्हर्सेस पीसी हे डावांचा डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवा, त्याला स्टॉकफिश हे चाली सुचवणारं इंजिन जोडा आणि अभ्यासाला लागा. सॉफ्टवेअरला एक रुपया लागत नाही आणि हे मी "फुकट आहे म्हणून चालवून घ्या" अशा अर्थाने म्हणत नाहीये, खरंच चांगलं आहे म्हणून म्हणतेय.

माझ्याकडे शनिवार-रविवार मुलं बुद्धिबळ शिकायला येतात आणि गेल्या काही महिन्यांत पालकांचा एकच प्रश्न असतो, ताई, आता लॅपटॉप बदलावा लागेल का? कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे चांगले चालते लॅपटॉप एकदम बाद. त्यात बऱ्याच कोचेसचं सगळं काम चेसबेस या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि ते विंडोजवरचं आहे, त्यामुळे लोकांना वाटतं की लिनक्सवर बुद्धिबळ म्हणजे ते कॉम्प्युटरबरोबर खेळायचं छोटं खेळणं असतं तेवढंच. तसं अजिबात नाहीये.

इंजिनापासून सुरू करते कारण सगळ्यांना तेच आधी हवं असतं. स्टॉकफिश आज जगात वरच्या फळीतले खेळाडू वापरतात तेच, तुमच्या जुन्या लॅपटॉपवरही तेच, वेगळं "हलकं व्हर्जन" वगैरे काही नाही. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडचं ग्लॉरुंग नावाचं इंजिन होतं, त्यावरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने २००८ मध्ये स्टॉकफिश काढलं, आणि २०१३ पासून त्यातला प्रत्येक छोटा बदल जगभरातले लोक आपापले कॉम्प्युटर देऊन हजारो डाव खेळवून तपासतात, मगच तो आत जातो. २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ मध्ये एनएनयूई नावाचं छोटं न्यूरल नेटवर्क आलं, ते मुळात शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या इंजिनांसाठी शोधलेलं, आणि त्याची खुबी अशी की ते साध्या प्रोसेसरवर पळण्यासाठीच बनवलंय, ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. म्हणून तर जुना लॅपटॉप पुरतो. नवीन मशीनवर तेच उत्तर लवकर येईल एवढाच फरक, आणि आपल्यासारख्या क्लब लेव्हलच्या माणसाला तो फरक डावात कुठेच दिसत नाही.

बसवायला सोपं. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून एप्टी या सॉफ्टवेअर बसवायच्या कमांडने स्टॉकफिश इन्स्टॉल करा, झालं. फक्त एक गोष्ट इथे नवीन माणसाला सापडत नाही, ती म्हणजे इंजिनाची फाइल गेली कुठे, तर ती यूएसआरच्या आत गेम्स नावाच्या फोल्डरमध्ये असते, तोच पत्ता स्किडला द्यायचा. पण एप्टीमधलं स्टॉकफिश बहुतेक वेळा जरा जुनं असतं आणि सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर चालावं म्हणून बनवलेलं असतं त्यामुळे हळू पडतं. त्यापेक्षा स्टॉकफिशच्या साइटवरून आपल्या प्रोसेसरला जुळणारी फाइल उतरवा. एलएससीपीयू ही कमांड मारली की प्रोसेसरला काय काय येतं त्याची यादी दिसते, त्यात एव्हीएक्स२ दिसलं (इंटेलच्या चौथ्या पिढीपासून कोअर आय सिरीजमध्ये ते आहे) तर ती फाइल घ्या, नाही दिसलं तर एसएसई४१-पॉपसीएनटी वाली. चुकीची घेतली तर इंजिन सुरूच होत नाही, "इलीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून बंद पडतं, लॅपटॉपला काही होत नाही, घाबरू नका. ज्यांना हौस आहे त्यांनी सोर्स म्हणजे मूळ कोड घेऊन मेक प्रोफाइल-बिल्ड ही कमांड द्यावी, ते आधी एकदा स्वतःला चालवून बघतं आणि त्या मोजमापावरून त्याच मशीनसाठी नीट बसवून घेतं. मग बेंच कमांड देऊन नोड्स पर सेकंदचा (एका सेकंदात इंजिन किती पोझिशन तपासतं त्याचा) आकडा एप्टीवाल्याशी ताडून बघा.

आणि हॅश वाढवा, हे कळकळीने सांगते. स्टॉकफिश जसंच्या तसं सुरू केलं तर १६ एमबी हॅश आणि एकच थ्रेड (एका वेळी चालणारं एकच काम) घेतं. हॅश म्हणजे इंजिनाचा स्वयंपाकाचा ओटा, जागा कमी असली की आधी चिरून ठेवलेलं उचलून टाकावं लागतं आणि परत तेच चिरत बसावं लागतं. आठ जीबीच्या मशीनवर एक जीबी आरामात देता येतं. थ्रेड्सचं म्हणाल तर चार कोअर असतील तर तीन द्या, एक बाकीच्या कामाला राहू दे, नाहीतर सगळंच अडखळतं आणि पंखा सारखा ओरडत राहतो.

आता मेन गोष्ट, स्किड व्हर्सेस पीसी. इंजिन सगळ्यांकडे असतं हो, मोबाइलवर पण असतं, पण खेळ सुधारतो तो डेटाबेसवर बसून आणि तिथे लिनक्सवर याच्या तोडीचं मला दुसरं काही मिळालं नाही. शेन हडसनने सुरू केलेल्या मूळ स्किडमधून स्टीव्हन अॅटकिन्सनने ही वेगळी शाखा काढली. मूळ स्किड एप्टीमध्ये मिळतं, पण व्हर्सेस पीसी मी सोर्सवरून बिल्ड करायला सांगीन, ते टीसीएल भाषेत आणि टीके (Tk) या खिडक्या-बटणांच्या जुन्या टूलकिटवर लिहिलंय, म्हणून त्या दोन्हींचे डेव्ह पॅकेज आधी टाकायचे, मग कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या कमांड, चहा होईपर्यंत होतं. दिसायला ते जुनाट आहे हे खरंय, टीकेवर (Tk) लिहिलेलं असल्यामुळे बटणं, मेनू सगळं वीस वर्षांपूर्वीचं वाटतं आणि बारीक पिक्सेलच्या नवीन स्क्रीनवर अक्षरं फारच छोटी दिसतात, फॉन्ट हाताने वाढवावे लागतात. पण जुन्या लॅपटॉपवर हाच मोठा फायदा, कारण उघडायला वेळच लागत नाही आणि लाखो डावांच्या डेटाबेसमध्ये एखादी पोझिशन शोधायला सांगितली तर उत्तर पटकन येतं.

सगळ्यात जास्त मी वापरते ती ट्री विंडो. पटावर चाल करत जायची आणि बाजूला दिसत राहतं की या पोझिशनला आतापर्यंत कोणी काय काय खेळलंय, किती वेळा, पांढऱ्याला किती टक्के गुण मिळालेत. मुलं कारो-कान किंवा लंडन सिस्टिमसारखी ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करून येतात आणि सहाव्या खेळीला समोरचा पुस्तकाबाहेरचं खेळला की गडबडतात. त्यांना मी ट्रीमध्ये तीच पोझिशन काढून देते आणि मग त्यातले चांगल्या रेटिंगवाल्यांचे डाव उघडून बघायला लावते, की बाबा इथून पुढे घोडा कुठे गेला, हत्ती कुठल्या उभ्या पट्टीवर आला, प्यादी कधी ढकलली. इंजिन फक्त "हे खेळ" म्हणतं, माणसांचे डाव बघितले की का ते कळतं. शिवाय मटेरियल सर्च आहे, म्हणजे "दोघांकडे एकेक हत्ती, पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त" असं सांगितलं की तसे सगळे एंडगेम (डावाचे शेवटचे टप्पे) समोर हजर. एंडगेम शिकवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी बघितलेलं नाही आणि नवल म्हणजे लोक या मेनूपर्यंत पोचतच नाहीत.

डाव आणायचे कुठून? मार्क क्राउदर १९९४ पासून "द वीक इन चेस" ही साइट चालवतात, तिथे दर आठवड्याला जगभरातल्या स्पर्धांचे डाव पीजीएनमध्ये (कुठलंही बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर वाचू शकतं अशी डावांची साधी फाइल) फुकट मिळतात. ती फाइल उतरवायची, आपल्या मुख्य डेटाबेसमध्ये टाकायची, मग स्किडच्या मेंटेनन्स मेनूमधून दोनदा आलेले डाव काढून टाकायचे आणि नावांचं स्पेलिंग तपासून घ्यायचं. हे स्पेलिंगचं किरकोळ वाटतं पण आपल्याकडची नावं वेगवेगळ्या फाइलमध्ये वेगवेगळी लिहिलेली असतात, त्यामुळे एकाच खेळाडूचे अर्धे डाव एका नावाखाली आणि अर्धे दुसऱ्या, आणि तयारी करताना नेमका हवा तो डाव निसटतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा वर्ल्डकप जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर पण झाली, तेव्हा ते डाव आले तसे लगेच आम्ही घेतले, हेडर सर्चमध्ये नाव टाकलं आणि मुलं माउसचं चाक फिरवत एकेक डाव बघत बसली. कोनेरू हंपीबरोबरच्या फायनलमधला टायब्रेकचा दुसरा रॅपिड, जो दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, तो तर परत परत. त्या दिवशी इंजिन बंदच ठेवलं होतं मुद्दाम, प्रत्येक खेळीआधी मुलांनी अंदाज सांगायचा.

मर्यादा एकच लक्षात ठेवा. स्किड व्हर्सेस पीसीच्या एका डेटाबेसमध्ये साधारण एक कोटी साठ लाखांच्या आसपास डाव मावतात. स्पर्धांच्या डावांना ते भरपूर झालं, पण लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवरच्या ऑनलाइन डावांची महिन्याची फाइल उतरवून टाकायचा विचार असेल तर एका महिन्यातच कोट्यवधी डाव असतात, ते काही जमणार नाही, गाळून घ्यावे लागतात.

ज्यांना स्किडचं रूप बघूनच कंटाळा येईल, विशेषतः दहा-बारा वर्षांची मुलं, त्यांच्यासाठी एन क्रॉसाँ हे डेटाबेसचंच दुसरं सॉफ्टवेअर घ्या. नवीन आहे, ओपन सोर्स आहे, देखणं आहे, इंजिन आणि तयार डेटाबेस आतूनच उतरवता येतात, लिचेस आणि चेस डॉट कॉमवरचे आपले डाव खेचून घेता येतात आणि ओपनिंगची उजळणी करायची सोय फार छान केलीय, जे चुकतं ते पुन्हा पुन्हा विचारतं. टर्मिनलला हात न लावता ज्यांना काम हवंय त्यांनी इथूनच सुरू करावं. पण मोठ्या डेटाबेसवर खोदकाम करायचं असेल, मटेरियलवरून शोधायचं असेल, डुप्लिकेट साफ करायचे असतील तर मी परत स्किडवरच येते. दोन्ही ठेवा, भांडण नाही त्यांचं.

पालकांसाठी एक वेगळं सांगायचंय, ते आकड्यांबद्दल. स्क्रीनवर अधिक एक दिसलं की लोक म्हणतात एक प्याद्याने पुढे आहे. स्टॉकफिश १५.१ पासून तसा अर्थ राहिलेला नाही, अधिक एक म्हणजे त्या पोझिशनमधून इंजिन स्वतःशीच खेळलं तर जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के. इंजिन इंजिनाशी! तुमच्या बाराशे रेटिंगच्या मुलाला तो अधिक एक तसाच मिळेल असं काही नसतं, त्यामुळे "एवढा जिंकलेला डाव घालवलास" म्हणून पोराला स्पर्धेच्या हॉलबाहेर रागावू नका, मला ते बघवत नाही.

मुलांना सरावाला जोडीदार हवा असेल तर स्टॉकफिशची ताकद कमी करता येते, पण ते मधेच उगाच वजीर देऊन टाकल्यासारखं काहीतरी खेळतं, माणूस तसा चुकत नाही. त्याऐवजी माया वापरा. लिचेसवरच्या माणसांच्या डावांवरून शिकवलेली ही नेटवर्क्स आहेत, ११०० पासून १९०० पर्यंत नऊ पायऱ्या, आणि त्या त्या पायरीचा माणूस जशी चूक करेल तशी चूक करतात. त्यासाठी लीला चेस झीरो हे इंजिन लागतं आणि लिनक्सवर ते बहुतेक वेळा स्वतः बिल्ड करावं लागतं, ते स्टॉकफिशइतकं सोपं नाही, कॉम्प्युटरचं थोडंफार कळणारा कोणी शेजारी-पाजारी असेल तर त्याला बसवा. एकदा झालं की नोड्सची (तपासायच्या पोझिशनची) मर्यादा १ ठेवायची, माया तशीच वापरायची असते, आणि त्यामुळेच ग्राफिक्स कार्ड नसलं तरी उत्तर लगेच येतं.

सिझिजी टेबलबेस (पटावर मोजकी मोहरी उरली की निकाल काय ते आधीच काढून ठेवलेल्या फाइल) पण घ्या, पाच मोहऱ्यांपर्यंतचे जेमतेम एक जीबीत बसतात आणि तिथे इंजिनाचा अंदाज नसतो, अचूक उत्तर असतं. सहा मोहऱ्यांचे दीडशे जीबीच्या आसपास जातात, जुन्या हार्ड डिस्कवर त्या भानगडीत पडू नका.

कोणी या वाटेला जाऊ नये तेही सांगते. तुमचे कोच चेसबेसच्याच फाइल पाठवत असतील आणि पीजीएनमध्ये द्यायला तयार नसतील तर रोज अडेल, त्या फाइल स्किडमध्ये थेट उघडत नाहीत. वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) वापरून चेसबेस चालवायच्या नादाला मी लागत नाही, अभ्यासाचा वेळ त्यात जातो. बहुतेक कोच मात्र विचारलं की पीजीएन देतात, दोन क्लिकचं काम आहे त्यांच्यासाठी, तेव्हा लॅपटॉप पुसायच्या आधी एवढं त्यांना विचारून घ्या, आणि विंडोज काढायच्या आधी मुलाचे जुने डाव सगळे पीजीएनमध्ये काढून पेन ड्राइव्हवर ठेवा.