तंबाखूच्या विषाणूवर कायमेरा-एक्स: रेसिड्यूंचे संपर्क मोजण्याचा काही महिन्यांचा अनुभव

निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातल्या विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी प्रोटीन निवडायला सांगितलं की तो हिमोग्लोबिन नाहीतर युबिक्विटिन घेतो, कारण ट्युटोरियलमध्ये तेच असतं. पण आपल्याकडच्या बिडी तंबाखूच्या पानावर ज्याची हिरवी-पिवळी नक्षी उमटते, त्या मोझॅक विषाणूचं कवच या कामाला जास्त चांगलं आहे. पीडीबी या प्रोटीन रचनांच्या जागतिक साठ्यातली २टीएमव्ही ही नोंद १९८९ची, क्ष-किरणांच्या फायबर डिफ्रॅक्शनची, रिझोल्यूशन २.९ अँगस्ट्रॉमचं (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). प्रोटीनची चेन पी, आरएनएची आर. कवचाचा एक घटक १५८ अमिनो आम्लांचा; साखळीतलं प्रत्येक अमिनो आम्ल म्हणजे एक रेसिड्यू. कायमेरा-एक्स या रेणूंच्या रचना दाखवणाऱ्या-मोजणाऱ्या प्रोग्रामची खरी परीक्षा इथे होते आणि तो बऱ्यापैकी पास होतो. मात्र 'संपर्क' म्हणजे नेमकं काय, हे त्याला आपणच सांगावं लागतं. सांगितलं नाही तरी तो तक्ता देतोच, आणि तो तक्ता दिसायला अगदी बरोबर असतो.

आधी त्याचं गणित. कॉन्टॅक्ट्स ही आज्ञा सरळ अंतर मोजत नाही, ओव्हरलॅप मोजते: दोन अणूंच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची (बंध नसताना अणू व्यापतो त्या जागेच्या त्रिज्यांची) बेरीज वजा त्यांच्यातलं अंतर. ओव्हरलॅप उणे ०.४ किंवा त्याहून जास्त असला की संपर्क धरला जातो. क्लॅशेस हीच आज्ञा वेगळ्या मर्यादांनी चालवते, तिथे कटऑफ अधिक ०.६. इथवर ठीक. पण फाइलमध्ये हायड्रोजन नसतील तर कायमेरा-एक्स एसपी-३ (चार एकेरी बंधांच्या) कार्बनची त्रिज्या १.८८ धरतो आणि हायड्रोजन घातले की १.७०. म्हणजे तसे दोन कार्बन पहिल्या बाबतीत ४.१६ अँगस्ट्रॉमपर्यंत संपर्कात, दुसऱ्यात ३.८ पर्यंतच. एका फाइलवर अॅडएच ही हायड्रोजन घालणारी आज्ञा चालवून आणि दुसरीवर न चालवता दोन तक्ते शेजारी ठेवले, तर फरक प्रोटीनचा आहे की त्रिज्येचा हे कळायला मार्ग राहत नाही. तुलना करायची असेल तर डिस्टन्सओन्ली हा पर्याय देऊन ४ किंवा ४.५ अँगस्ट्रॉम ठरवून टाकावं, आणि हायड्रोजन मोजणीतून वगळावेत. तोच आकडा मग बायोपायथन या पायथन लायब्ररीतही वापरता येतो.

आता विषाणू. २टीएमव्ही उघडली की कवचाचा एकच घटक आणि आरएनएचे तीन न्यूक्लिओटाइड दिसतात. घटकाच्या आतले संपर्क मिळतील, पण आपल्याला हवेत ते शेजाऱ्यांशी असलेले. मळसूत्रात तीन वेढ्यांत ४९ घटक, वेढा २३ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे दर घटकाला चढ १.४०८ अँगस्ट्रॉम आणि फिरकी २२.०४ अंश. एका वेढ्यात १६ पूर्णांक एक तृतीयांश घटक बसत असल्यामुळे बाजूचा शेजारी एक घर पुढे-मागे असतो, तर वरचे-खालचे शेजारी १६ आणि १७ घरं लांब. म्हणून एका घटकाचे सगळे संपर्क हवे असतील तर उणे १७ पासून अधिक १७ पर्यंत, एकूण ३५ प्रती पुरतात. प्रती काढणाऱ्या सिम आज्ञेत हेलिकल (मळसूत्री) सिमेट्रीसाठी चढ, कोन, प्रतींची संख्या आणि ऑफसेट उणे १७ द्यायचा. मूळ घटक मग अठरावा येतो, आणि सगळी मोजणी त्याच्यावरच करायची. टोकाच्या प्रतीवर केली तर निम्मे शेजारी गायब असतात आणि तक्ता त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

कोन २२ असा गोल करू नका. ०.०४ अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सतराव्या प्रतीपर्यंत तो पाऊण अंशाच्या जवळ जातो, आणि विषाणूची त्रिज्या ९० अँगस्ट्रॉम असल्यामुळे बाहेरच्या कडेला अणू एक अँगस्ट्रॉमहून जास्त सरकतात. एवढ्यात संपर्क मोडतात किंवा खोटे तयार होतात.

पुढचे दोन खड्डे सॉफ्टवेअरचे. प्रती जास्त असल्या की सिम त्या नुसत्या चित्रापुरत्या काढतो. कॉपीज ट्रू लिहिलं तरच मोजता येण्याजोगे खरे अणू तयार होतात. आणि सगळ्या प्रती एकाच मॉडेलच्या पोटातले सबमॉडेल असतात, तर कॉन्टॅक्ट्समध्ये इंटरसबमॉडेल हा पर्याय मुळात बंद असतो. तो ट्रू केला नाही तर डोळ्यांसमोर खेटून बसलेले घटक असूनही शेजाऱ्यांशी संपर्क शून्य. या दोन्ही गोष्टी हेल्प पानावर आहेत, पण शून्य आल्यावर पहिला संशय फाइलवर जातो, पर्यायांवर नाही.

संपर्कांच्या रेषा काढणारा मेकस्यूडोबाँड्स हा पर्याय फॉल्स ठेवावा. ३५ प्रतींचे अणू चाळीस हजारांच्या पुढे जातात. मोजणी सेकंदांत होते, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप त्या हजारो तुटक रेषा काढताना धापा टाकतो. निकाल सेव्हफाइलने थेट टेक्स्टमध्ये घ्यावा. त्यात अणूंच्या जोड्या असतात, रेसिड्यूंच्या नव्हे. ट्रिप्टोफॅनची एक जोडी दहा-बारा ओळी खाते, ग्लायसीनची एकदोन. ओळी मोजून 'सगळ्यात महत्त्वाचा रेसिड्यू' ठरवणं म्हणजे फक्त आकार मोजणं. आधी जोडीनिहाय एकत्र करा, मग किमान अंतर ठेवा.

खरं काम इथून पुढे. या तक्त्यात ग्लुटामेट ५० आणि शेजारच्या घटकातलं अॅस्पार्टेट ७७ ही जोडी शोधा. दोघांवर ऋण भार, तरी समोरासमोर. एचबाँड्स या हायड्रोजन बंध शोधणाऱ्या आज्ञेला सॉल्टओन्ली दिलं तर ती येत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण हा सॉल्ट ब्रिज (विरुद्ध भारांमधला बंध) नाही. अॅडएच नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन्ही कार्बॉक्सिल प्रोटॉनशिवाय ठेवतो, त्यामुळे हायड्रोजन बंधही सापडत नाही. कॉन्टॅक्ट्सच्या यादीत मात्र ती इतर जोड्यांसारखीच एक ओळ होऊन बसते. अशा कार्बॉक्सिल जोड्यांची कल्पना डोनाल्ड कॅस्परने १९६३मध्येच मांडली होती. कॅल्शियम किंवा प्रोटॉन असेपर्यंत जोडी शांत. पेशीत शिरल्यावर कॅल्शियम घटतं, पीएच चढतो, दोन्ही ऋण भार एकमेकांना ढकलतात आणि कवच सुटायला लागतं. ५०ला ग्लुटामीन किंवा ७७ला अॅस्पॅराजीन ही भार नसलेली आम्लं घातली की कण सहज सुटत नाही. म्हणजे जवळ असणं आणि धरून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी. संपर्कांची संख्या वाढली म्हणून स्थिरता वाढली असं लिहिलेला प्रबंध इथे आपटतो.

या जोडीचं अंतर दशांशात छापण्याआधी रचना कशी मिळाली ते बघा. ४यूडीव्ही ही याच विषाणूची २०१५ची क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेली) रचना ३.३५ अँगस्ट्रॉमची आहे. इलेक्ट्रॉनच्या माऱ्यात नेमके अॅस्पार्टेट-ग्लुटामेटचे कार्बॉक्सिल सर्वांत आधी पुसट होतात. दोन्ही रचना उघडून साइड चेन (अमिनो आम्लांच्या बाजूच्या शाखा) कुठे बसवल्यात ते डोळ्यांनी तपासावं, मगच बोलावं.

पडताळणीसाठी बायोपायथनचं नेबरसर्च पुरेसं आहे. सर्च-ऑलला ४.५ आणि लेव्हल आर दिलं की रेसिड्यूंच्या जोड्याच परत येतात. पाणी आणि लिगंड (प्रोटीनला चिकटलेले छोटे रेणू) आधी गाळावे लागतात, आणि साखळीत लागून असलेल्या जोड्या काढून टाकाव्या लागतात, नाहीतर यादीचा मोठा भाग पेप्टाइड बंधांचाच निघतो. कास्प या प्रोटीन रचनेचा अंदाज बांधण्याच्या स्पर्धेच्या पद्धतीचे संपर्क हवे असतील तर बीटा कार्बनमध्ये ८ अँगस्ट्रॉम, ग्लायसीनला अल्फा कार्बन. हा नकाशा अंदाज तपासायला छान, पण इंटरफेसवरचं रसायन त्यावरून सांगू नये. आठ अँगस्ट्रॉमवर पाठ फिरवून बसलेल्या साइड चेनही संपर्कात धरल्या जातात.

रिंगसारखे वेब सर्व्हर बंधांचे प्रकार वेगळे करून देतात आणि छोट्या प्रोटीनला उत्तमच आहेत. पण ३५ घटकांची फाइल चढवायची, आणि पावसाळ्यात खानापूरकडे नेट गेलं की संध्याकाळ गेली. शिवाय जुन्या पीडीबी साच्यात चेनला एकच अक्षर मिळतं, अक्षरं-आकडे मिळून ६२; आपल्या प्रोटीन आणि आरएनएच्या ७० चेन त्यात बसत नाहीत. एमएमसीआयएफ या नव्या साच्यातच सेव्ह करा, आणि आरएनए नको असेल तर चेन आर आधीच डिलीट करा.

कायमेरा-एक्स शिक्षण-संशोधनासाठी फुकट आहे, कंपनीला परवाना घ्यावा लागतो. ग्राफिक्सला ओपनजीएल ३.३ लागतं, कॉलेज लॅबमधल्या जुन्या पीसीवर तो तिथेच अडतो, म्हणून इन्स्टॉल करण्याआधी तेवढं तपासून घ्या. आज्ञा माऊसने न देता सीएक्ससी फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवा, वर कटऑफ, हायड्रोजन होते की नव्हते आणि प्रोग्रामची आवृत्ती. गाइड 'हा आकडा कुठून आला' विचारतात तेव्हा ती फाइल पुन्हा चालवून दाखवता येते.